लाल पांघरूण

इस्त्रीवालीनं जन्मभर एकाच खेळाचा राग केला, तो म्हणजे फुटबॉल. नवरा ओतशाळेत भट्टीवर कामाला होता. सुट्टीच्या दिवशी सोबत्याच्या घरी सामना बघायला जायचा आणि अंधार पडल्यावर गुपचूप येऊन जेवायला बसायचा. "एवढे धटिंगण एका चेंडूमागे ऊर फुटेस्तोवर पळतात, त्यात बघण्यासारखं काय असतं?" असं ती लग्नाच्या नव्या नवलाईत एकदा म्हणाली होती. त्यानंतर त्यानं घरात त्या खेळाचं नाव काढलं नाही. मुळातच तो कमी बोलणारा.

मग भट्टीपाशीच तो कोसळला. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं, वाचाही गेली. उरला डावा हात आणि घशातून निघणारा एक आवाज. भूक लागली तरी हुं, कूस बदलायची असली तरी हुं. हो आणि नाही यांचा आवाज एकच होता, आणि तिनं सगळ्याला हो धरलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांना काय आवडायचं ते रोज समोर ठेवा. मन गुंतलं तर माणूस टिकतो."

काय आवडायचं? घरी येईपर्यंत वाटभर ती विचार करत राहिली. मूलबाळ नाही, घरात दोनच माणसं, ताटाला ताट लावून इतकी वर्षं जेवलेली. तरी त्या एका खेळापलीकडे तिला काही आठवेना. माणूस हातातून निसटत होता आणि त्याला धरून ठेवायला तिच्याकडे एवढी एकच दोरी होती.

तिनं टीव्ही खाटेच्या पायथ्याशी आणला, इस्त्रीचं टेबल खाटेला लावलं. पहिल्याच सामन्यात लाल कपड्यांवाल्यांनी गोल केला आणि नवऱ्याच्या घशातून मोठा आवाज निघाला, डोळ्यांतून पाणी आलं. तिचे हात थांबले.

"लालवाले होय तुमचे?" ती म्हणाली.

"हुं."

झालं. त्या दिवसापासून ती खेळ शिकायला बसली. शिकणं कसलं, कडू काढाच तो. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि शेवटी कुणालाच काही नाही. एखादा जाळ्यात चेंडू मारून नाचायला लागला की पंच हात वर करून म्हणायचा, नाही धरणार. का नाही, ते तिला कळायचं नाही. धक्का लागला की एखादा गुडघा धरून गडाबडा लोळायचा आणि घटकेत उठून पळायचा.

"बघा, असं उठायचं असतं," ती नवऱ्याला म्हणायची. म्हणून झाल्यावर तिलाच ते लागायचं.

आवड काही लागेना. पण लालवाल्यांनी गोल केला की ती इस्त्री उभी करून टाळ्या वाजवायची. जुन्या चादरीला तिनं लाल रंग दिला, घडी पाडून कडक केली, आणि सामना लागला की ती त्याच्या छातीपर्यंत पांघरायची. त्याचा डावा हात चादर ओढून खाली ढकलायचा. ती पुन्हा वर घ्यायची. "उत्साह पुरे, गारठाल," म्हणायची, आणि कडा गादीखाली घट्ट खोचायची.

एका रविवारी दुपारी ओतशाळेतला तो सोबती आला. इतके दिवस त्याची यायची हिंमत झाली नव्हती. दारातच थबकला, खाटेकडे बघून हसायला लागला.

"वहिनी, ही कसली चेष्टा? याला लालात कुणी गुंडाळलं?"

"त्यांचेच ना ते? लालवाले."

"याचे? अहो, लालवाल्यांचं तोंड बघत नाही हा. आम्ही निळे. लालांनी गोल केला की हा रडायचा, खरंच रडायचा. मग आम्ही त्याला चहा पाजून…"

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू जागच्या जागी विझलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला.

"कोण सांगणार? मी विचारलंच कधी?"

ती खाटेपाशी गेली. खोचलेल्या कडा तिनं एकेक करून सोडवल्या. नवऱ्याच्या बोटांची नखं चादर ओरबाडून खरबरीत झाली होती. ती नखं ती रोज धूत होती, आणि तिला दिसली नव्हती.

घरात निळं काही नव्हतं. गिऱ्हाइकाचा कपडा अंगाला लावायचा नाही, हा तिच्या आईपासून चालत आलेला नेम. आई तर गिऱ्हाइकाच्या टॉवेलला हातसुद्धा पुसत नसे. तिनं गाठोडं सोडलं, इस्त्री करून ठेवलेली दुसऱ्या कुणाची तरी निळी चादर काढली आणि त्याच्या अंगावर पसरली. त्याचा डावा हात त्या चादरीवर पडला आणि तसाच राहिला.

"लावा," ती सोबत्याला म्हणाली. "आज आहे ना यांचा सामना?"

निळे त्या दिवशी सपाटून हरले. शेवटचा गोल बसला तेव्हा नवऱ्याच्या घशातून तोच आवाज निघाला, डोळ्यांतून तसंच पाणी आलं. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या तोंडून निघून गेलं, "मेल्या, जाळ्यापुढे उभा राहून झोपा काढतोस?"

सोबत्यानं चमकून बघितलं. नवऱ्याची मान जेमतेम वळायची, ती तिच्याकडे वळली. त्या नजरेत काय होतं हे तिनं ठरवलं नाही. ठरवायची तिला आता भीती वाटत होती.

"पुढच्या रविवारी येता?" तिनं सोबत्याला विचारलं. "मला एकटीला कळत नाही."

तो गेल्यावर तिनं चादर धुवायला काढली नाही. नवरा झोपेपर्यंत ती त्याच्या अंगावरच राहू दिली. मग धुतली, वाळवली, पाण्याचा हबका मारून पुन्हा इस्त्री केली, आणि गाठोड्यात घालताना एका कोपऱ्यावरून हात फिरवत उभी राहिली. तिथं कापडाला त्याच्या नखाचा बारीक ओरखडा पडला होता. गिऱ्हाईक विचारील तेव्हा खरं काय ते सांगायचं, असं तिनं ठरवलं, आणि गाठ मारली.