बदली माणूस येईपर्यंत

फोन आला तेव्हा मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत परीक्षेच्या सामानाची यादी करत होते. पलीकडे नंदाच्या रुग्णालयातल्या सुमन सिस्टर होत्या. "ताई, नंदा मॅडम गेल्या." मी विचारलं, "कुठं गेल्या?" मग त्यांचं रडणं ऐकू आलं. पहाटे झोपेतच हृदय बंद पडलं होतं. इतरांच्या ईसीजीची यंत्रं चालू ठेवण्यात जिचं आयुष्य गेलं, तिनं स्वतःचा ईसीजी कधी काढून घेतला असेल असं वाटत नाही... महिना होऊन गेला. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर राग जास्त आहे. तो कुणावर काढावा हे कळत नाही, म्हणून झालं ते क्रमानं लिहिते.

महानंदा रेणापूरची. वडील अप्पा, कपाळावर विभूती, बाजारात भुसार मालाचं दुकान. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आमच्या वर्गात मुली आम्ही दोघीच, वसतिगृहात खोलीही एकच. माझ्या पलंगाशी तेव्हाही याद्या चिकटवलेल्या असत. ती येताजाता म्हणायची, "मुकादम, आज श्वास घ्यायचा हाय का न्हाई, यादीत बघून सांग की." शेवटच्या वर्षी एका दवाखान्यात आम्हाला यंत्रं दाखवायला नेलं होतं. कागदावर हृदयाची रेघ उमटताना पाहून ही तिथून हलेचना. परतताना म्हणाली, "ही यंत्रं थंड गावातल्या सरळ लायटीसाठी केलेली हायत. आपल्याकडं लाइट अशी उड्या मारती की वर्षात जळतात. आपल्या लायटीला टिकणारं यंत्र मी बनवणार." त्यासाठी तिला बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करायचं होतं. पुढची सगळी वर्षं तिनं एवढंच मागितलं.

मुंबईच्या एका संस्थेत या पदवीला दोन वाटा होत्या. एक, देशभराची प्रवेश परीक्षा. ती तिनं दिली आणि थोडक्यात हुकली. दुसरी, नोकरीतल्यांसाठी राखून ठेवलेली जागा. वयाची मर्यादा सोडून अटी तीन : पदवीला पहिला वर्ग, दोन वर्षांचा सलग अनुभव आणि नोकरी देणाऱ्याचं ना हरकत प्रमाणपत्र. पहिला वर्ग होता. अनुभवासाठी तिनं आमच्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात यंत्रदुरुस्तीची नोकरी धरली. त्या रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. लिहून आता उपयोग नाही.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, पण तिचा पगार अजून जुन्या जिल्ह्यातून निघायचा. तिच्या नोकरीला वर्ष होतंय तोवर कागदपत्रं वेगळी झाली आणि तिचं पद नव्या जिल्ह्याकडं आलं. अप्पांना कोण आनंद! दुकानाच्या पाटीवर त्यांनी केव्हाच 'जि. लातूर' रंगवून घेतलं होतं. दोन वर्षं भरली तेव्हा अर्जाची यादी मी करून दिली. अनुभवाचा दाखला आणायला मात्र अप्पा स्वतः गेले आणि हौसेनं फक्त नव्या जिल्ह्याचा कोरा करकरीत शिक्का घेऊन आले. "जुन्याचं नाव कशाला? आता आपला जिल्हा हाय!" नव्या कार्यालयानं नव्या जिल्ह्यातला तेवढाच काळ लिहिला होता. संस्थेनं अर्ज परत पाठवला : अनुभव अपुरा. जुन्या कार्यालयात गेलो तर, "त्या आता आमच्याकडं न्हाईत." नव्या कार्यालयात, "मागचं आम्ही कसं लिहून देणार?" अप्पा तावातावानं म्हणाले, "अवो, पोरगी पहिल्या दिवसापासून त्याच खुर्चीत बसून हाय!" कारकुनानं मान वर न करता उत्तर दिलं, "खुर्ची बी वर्ग झाली, मामा."

ती हसली. मला हसू आलं नाही, आजही येत नाही.

नव्या जिल्ह्यात दोन वर्षं भरल्यावर तिनं पुन्हा अर्ज केला, मुलाखत दिली, आणि तिची निवड झाली! नेमकं ते दुष्काळाचं वर्ष. रुग्णालयात टँकरचं पाणी, वॉर्डात जुलाबाची पोरं, खाटा पुरत नव्हत्या. मी तिला भेटायला नांदेडहून गेले तर ही मागच्या अंगणात वाकून एका खड्ड्यात घागर ओतत होती. रांगेतली एक म्हातारी ओरडली, "ए बाई, प्यायाला न्हाई आन् तू मातीला पाजायलीस?" "माझ्या आंघोळीचं हाय आजी," म्हणत नंदानं घागर रिकामी केली. तो अर्थिंगचा खड्डा होता. यंत्राच्या पत्र्यात उतरलेली वीज तिथून जमिनीत जाते, पण त्यासाठी माती ओली लागते. खड्डा कोरडा पडला होता आणि वॉर्डातली यंत्रं झटके देत होती. तेव्हापासून तिनं सगळ्या सिस्टरांना सवय लावली : यंत्राला आधी उलटा हात लावायचा. झटका बसला तर उलटा हात आपोआप मागे येतो. तळहात लावला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो.

त्याच भेटीत तिनं मला ना हरकत प्रमाणपत्र दाखवलं. चेहरा फुलला होता. खाली एक ओळ होती : 'बदली माणूस रुजू झाल्यानंतर कार्यमुक्त करण्यात येईल.' मी म्हटलं, "आणि नाही आला तर?" "येईल की गं. सरकार हाय, कुणीतरी पाठवीलच."

कुणी आलं नाही. दुष्काळी भागात कोण येणार? मुंबईतला वर्ग सुरू झाला आणि जागा दुसऱ्याला गेली. मी म्हणाले, राजीनामा दे. ती म्हणाली, "जागा नोकरीवाल्यांची हाय, मुकादम. नोकरी सोडली की जागा बी गेली." पुढच्या अर्जाच्या वेळी प्रमाणपत्रावर तीच ओळ. नंतरच्याही. शेवटी संस्थेची वयाची अट आड आली आणि ना हरकत मागायचंच कारण संपलं. टिकणाऱ्या यंत्राचं काय, असं मी एकदा विचारलं. "हायत तीच टिकवायलेय ना," एवढंच बोलली... आणि विषय बदलला.

गेल्या आठवड्यात तिची पुस्तकं आणायला रुग्णालयात गेले. तिच्या खुर्चीत एक तरुण मुलगी होती. नंदाचं पद रिकामं झालं आणि इतक्या वर्षांत न आलेला बदली माणूस पंधरवड्यात रुजू झाला. आता या पदाला बायोमेडिकलमधलं एम.टेक. लागतं म्हणे. मुलगी चांगली होती, पुस्तकं बांधायला स्वतः उठली. त्यातलं जाडजूड एक हातात घेऊन तिनं विचारलं, "मॅडमचं एम.टेक. कुठून झालं होतं?"

सुमन सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "झालं नाही. त्यांना सोडायला बदली माणूस लागत होता."

तिनं पुस्तक गठ्ठ्यावर ठेवलं. म्हणाली, "मी आलेय ना आता."

दुरुस्तीला आलेला एक मॉनिटर टेबलावर होता. ती त्याच्याकडं वळली आणि बटणाला हात घालण्याआधी तिनं पत्र्याला उलटा हात लावला. मी सिस्टरांकडं पाहिलं. "पहिल्याच दिवशी सांगितलं," त्या हळूच म्हणाल्या, "म्याडमचा नियम हाय म्हणून." मग त्यांनी कोपऱ्यातली बादली उचलली आणि मागच्या अंगणात गेल्या. मी पुस्तकांची दोरी आवळत राहिले. बाहेर खड्ड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.