कुंपणाआडचा ओढा

निरवांगीकडच्या आमच्या माळावर लष्कराचं कुंपण पडलं तेव्हा मी लहान होते. त्याआधी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं तिथंच चरायची. पुढं आबांनी मेंढरं विकली, ऊस लावला. मी शिकले आणि फिरून त्याच माळावर कामाला लागले. तिथल्या ओढ्यात हिवाळा काढायला येणाऱ्या फुलपाखरांवर लक्ष ठेवायचं, त्यांची जागा जपायची, हे माझं काम.

काळी, निळसर ठिपक्यांची ही फुलपाखरं करंजांच्या सावलीत फांद्यांना लगडून बसतात आणि काठावरच्या वाळल्या खुळखुळ्याच्या झुडपांचा रस शोषतात. गेल्या वर्षी मात्र फार थोडी आली. चराई बंद झाल्यापासून गवत कमरेएवढं माजलं होतं, त्याखाली खुळखुळा गुदमरला होता.

तिथल्या लष्करी साहेबांना मी म्हटलं, "पावसाळा सरताना मेंढरं सोडू या. गवत खातील, खुळखुळ्याला तोंड लावत नाहीत."

"गोळीबाराच्या मैदानात मेंढ्या?" साहेब हसले. पण सराव नसलेले काही दिवस त्यांनी दिले. चुलतभाऊ कळप आणायला तयार झाला.

घरी सांगितलं तर आबांचा घास हातातच राहिला. "मी बी येऊ का गं?"

फाटकावरच्या जवानानं आधार कार्ड बघून त्यांना कडक सलाम ठोकला. आबा गोंधळले, मग त्यांनीही हात कपाळाला नेला. आत शिरताच चुलतभावाची काठी मागून घेतली आणि मेंढरांना हाळी दिली. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

दुपारी ते ओढ्यातल्या एका करंजाखाली थांबले. "हितं तुझी झोळी बांधायची तुझी आय." खोडावरून हात फिरवत राहिले. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी पाण्याची बाटली तेवढी पुढं केली.

यंदा खुळखुळा मोकळा वाढला, फुलला, वाळला. थंडी पडल्यावर मी आबांना पुन्हा नेलं. फांद्यांवर पानं दिसत नव्हती, इतकी फुलपाखरं. ऊन पोचलं तशी ती पंख उघडमीट करू लागली.

"कुठनं आली गं एवढी?"

"लांबनं, आबा. हितं आडोसा हाय, म्हणून थांबल्यात."

"थांबू दे मग."

एक त्यांच्या बाहीवर उतरलं. आबांनी हात तसाच धरून ठेवला. मोजणी उरकून मी विचारलं, "निघायचं का?"

"न्हाय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बस की जरा."

मी त्यांच्या शेजारी बसले.