ऐकू येईना, मालक!

डावा तळहात कानामागं लावायचा, मान जरा वाकडी करायची आणि डोळे बारीक करून विचारायचं, "काय? काय म्हणालात? ऐकू आलं न्हाई." ही मामाची खोड. कान मात्र असले तिखट, की मिरवणूक दुसऱ्या गल्लीत असली तरी कुठल्या गाडीवरचा कुठला स्पीकर फाटलाय हे दुकानात बसून सांगायचा. फुकटचा सल्ला देणारा कोणी आला, की तेवढ्यापुरता ठार बहिरा. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. पण आमच्या मामानं ह्या खोडीचं जे केलं, ते तुमच्याकडं कोणी केलं नसेल.

धर्माबादेत त्याचं साऊंडचं दुकान होतं. नदीकाठी आमच्या गावात, आमच्याच गल्लीत, त्याची थोरली बहीण दिली होती. म्हणून तो सगळ्या गावाचा मामा. आईवेगळ्या भावाला तिनंच वाढवलेलं. तो तिला आक्का म्हणायचा. अख्ख्या जगाला खेकसणारा हा माणूस तिच्यापुढं ताट घेऊन मुकाट बसायचा. "आवाजाचा धंदा करतोस अन् घरात तोंड उघडत न्हाईस," ती म्हणायची. "इथं तुझा आवाज पुरंसा हाय," एवढंच तो बोलायचा.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. घरातली एकूण एक वाकळ, गोधडी, चादर नदीवर नेऊन धुवायची. आक्का लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच घाटावर, त्याच दगडावर धुणं धूत होती. दगडापुढं घोट्याएवढं पाणी, हे तिच्या पायांना पाठ. पण त्या साली वाळूच्या ठेकेदाराच्या तराफ्यावरचे पंप घाटासमोर आले होते. नदीच्या तळातली वाळू ओढून काठावर ढीग लावत होते. घोट्याएवढ्या पाण्याच्या जागी त्यांनी विहिरीएवढा खड्डा करून ठेवला, आणि वरून पाणी दिसत होतं तसंच.

ओली वाकळ पिळायला आक्का एक पाऊल पुढं गेली. गेली ती गेलीच.

घाटावरच्या बायका ओरडल्या, छाती पिटून ओरडल्या. तराफा हाकेच्या अंतरावर होता. त्यावर दोर होता, बांबू होते, पोहणारी चार धट्टीकट्टी माणसं होती. एकानंही मान वळवली नाही. पंचनाम्याच्या वेळी ठेकेदार पांढऱ्या कपड्यांत आला आणि खुर्चीत बसून म्हणाला, "पंपाच्या आवाजात ऐकू येत नसतं हो. ह्यात आमचा काय दोष?"

मामा तिथंच उभा होता. त्यानं कानाला हात लावला नाही. पहिल्यांदाच.

मी पत्रकं काढली. मला दुसरं काय येतं? 'खड्डा कोणाचा, बळी कोणाचा?' असं ठळक अक्षरांत छापून गावोगाव वाटली. एक मामाच्या हातात दिलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "पत्रकवाल्या, जो वाचत न्हाई त्याला कागद कशाला देतोस?"

"मग काय देऊ?"

"त्याला ऐकवावं लागतंय."

त्यानंतर तो रोज आक्काच्या दगडावर येऊन बसू लागला. हातात रेकॉर्ड करायचं यंत्र आणि समोर ते धडधडणारे पंप. लोक म्हणाले, बहिणीच्या दुःखानं डोकं फिरलं. मी विचारलं, "मामा, काय करून राहिलास?" तळहात कानामागं. "काय? ऐकू आलं न्हाई."

मग ठेकेदारानं बोट घेतली. वाळूच्या पैशावर नदीकाठी बंगला झालाच होता, आता पाहुण्यांना फिरवायला पांढरीशुभ्र बोट. बोटीवर गाणी पाहिजेत, आणि नुसती गाणी नव्हे, छातीत धडधड झाली पाहिजे. आमच्या भागात बोटीवर स्पीकर बसवायचा अनुभव कोणाला असणार? सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. मामानं काम घेतलं.

मी दुकानात जाऊन तोंडावर म्हणालो, "विकला गेलास."

"बस. चहा पी," तो म्हणाला. मी बसलो नाही. पण काय करतो ते बघायला रोज बोटीपाशी जात होतो.

तुम्हाला सांगतो, एवढं मन लावून काम करताना मी कोणाला पाहिलेलं नाही. ठेकेदारानं घरात वाजवायचे महागडे स्पीकर आणले होते, ते मामानं परत पाठवले. "मालक, ह्याच्या आत कागद हाय. नदीवर आठ दिवसांत पापड होतंय ह्याचा." त्यानं प्लास्टिकच्या कोनाचे, रबरी कडेचे चार स्पीकर निवडले. वर लोखंडी जाळी. साधी तांब्याची वायर ओलीत हिरवी पडते, म्हणून कल्हई केलेली वायर आणली. स्पीकरपाशी वायर सरळ न नेता आधी खाली झोळ द्यायचा, म्हणजे वायरीवरून आलेलं पाणी झोळातून गळून जातं. गाण्यात इंजिनाची घुरघुर शिरू नये म्हणून अ‍ॅम्प्लिफायरला वेगळी बॅटरी. बॅटरी, अ‍ॅम्प्लिफायर, गाणी वाजवायचं यंत्र, सगळं सीटखाली एका लोखंडी पेटीत. पेटीला कुलूप.

"कुलूप कशाला?" ठेकेदारानं विचारलं.

"पाणी अन् चोर, मालक. दोन्हीपासून जपावं लागतंय."

धडधडीसाठी त्यानं बोटीच्या पोटात एक थाळीएवढा स्पीकर तोंड खाली करून बसवला. अख्खी बोटच स्पीकरचा डबा झाली. प्रत्येक स्पीकरला मात्र स्वतंत्र वायर, तीही जाड पाइपातून. मी न राहवून म्हणालो, "त्याच्यासाठी एवढी मेहनत?"

"एक मेला तरी दुसरा बोलला पाहिजे," मामा म्हणाला आणि स्क्रू पिळत राहिला.

बोटीचं उद्घाटन थाटात झालं. पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी पंप बंद ठेवले होते. म्हणजे बंद करता येत होते, हे लक्षात घ्या. पांढऱ्या कपड्यांतली सात-आठ माणसं बोटीत बसली, गळ्यात हार. भजन सुरू झालं. सुरेख वाजत होतं. बोट नदीच्या मध्यावर गेली आणि भजन थांबलं.

मग पंप सुरू झाला.

दगडावर बसून भरून घेतलेला तोच आवाज. धड धड धड, मधे लोखंडाची किंकाळी, परत धड धड. बोटवाल्याला वाटलं इंजिनच फुटतंय, त्यानं घाईघाईनं इंजिन बंद केलं. आता बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली आणि पंप चालूच. पाहुण्यांनी कानांत बोटं घातली. एकानं जाळीवर लाथा घालून एक स्पीकर फोडला, दुसरे बोलत राहिले. ठेकेदार उभा राहून काठाकडं हात करून ओरडत होता. तोंड उघडायचं, मिटायचं. शब्द एक नाही. पेटीची किल्ली मामाच्या खिशात होती आणि मामा आक्काच्या दगडावर उभा होता.

त्यानं तळहात कानामागं लावला. मान वाकडी केली.

"काय? ओ मालक! काय म्हणून राहिले? ऐकू येईना की!"

त्याच्यामागं घाटावरच्या बायका होत्या. आक्का बुडाली त्या दिवशी ओरडून ओरडून ज्यांचे घसे बसले होते, त्याच. एकीनं तळहात कानामागं लावला. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी. हसलं कोणीच नाही. बोटवाल्यानं फळीनं वल्हवत बोट काठाला लावली तोवर ठेकेदाराचा घसा बसला होता. हार गळ्यातच होता.

सूड वाईट असतो, असं शहाणी माणसं सांगतात. त्यांनी एकदा ते तोंड पाहायला पाहिजे होतं.

दुसऱ्याच दिवशी दुकानावर माणसं आली. सामान फोडलं, मामालाही फोडलं. तक्रार दिली, तिचं पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. कारण तुमच्याकडंही तेच होतं. शटर उतरलं ते उतरलंच. मामा लातूरला गेला.

परवा पत्रकांच्या कामानं लातूरला गेलो तेव्हा हुडकत गेलो. डाळमिलांच्या मागच्या रस्त्याला एका टपरीसमोर ऑटो उभा होता आणि मागच्या सीटमधून फक्त दोन पाय बाहेर आलेले. ऑटोत स्पीकर बसवत होता.

"मामा!" मी डावीकडून हाक मारली. पाय हलले नाहीत. परत हाक मारली. खांद्याला हात लावला तेव्हा तो बाहेर आला, मला पाहिलं, आणि डावा तळहात कानामागं.

"काय म्हणालास?"

मला हसू फुटलं. जुनी खोड! पण तो हसला नाही, हातही खाली घेतला नाही. मग त्या कानाखालचा व्रण दिसला आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

"असं बघू नको," तो म्हणाला. "एक मेला, दुसरा चालू हाय. देवानं वायर वेगळी दिलीय दोन्हीला." आणि उजवा कान पुढं करून म्हणाला, "घाटावरचं सांग."

मी खाली बघत पुटपुटलो, "पंप घाटावरून गेले. पण बंद नाहीत झाले मामा. खालच्या वळणावर सरकलेत."

"काय?"

"खालच्या वळणावर चालू आहेत!"

ऑटोवाला वळून बघायला लागला. मिलच्या दारातले हमाल थांबले. मामानं हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडं रोखला.

"मला काय सांगतोस, पत्रकवाल्या? त्यांना सांग," तो म्हणाला. "आणखी मोठ्यानं."