दोघांतून एक निवडताना

कापलेल्या भाताच्या ओल्या पेंढ्याचा आणि डिंकाचा वास एकत्र आला की अजूनही माझे डोके तापते. आता माझी भाची संगणकावर फोटो उघडते, हव्या त्या माणसाभोवती मुंग्यांच्या रांगेसारखी तुटक रेघ फिरवते, बाकीचे पुसते आणि मन बदलले की एका कळीसरशी सारे परत आणते. ती याला ‘सिलेक्ट करणे’ म्हणते. आमच्या वेळी शब्द होता निवडणे, आणि हत्यार होते दाढीचे पाते.

ऐंशीच्या दशकातला तो कार्तिक. मी कट्टा गावच्या शाळेत चित्रकला शिकवत होते आणि हात हलका म्हणून बाजारातल्या स्टुडिओसाठी फोटो दुरुस्त करून देत होते. कुणकेश्वरचे काका जाऊन आठवडा झाला होता. बाराव्याला फोटो हवा, म्हणून बाबांनी त्यांचा एकुलता एक फोटो आणला. जत्रेतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे कोट-टोपी घालून काका खुर्चीत बसलेले, मागे काकी उभी, आणि फोटोवाल्याच्या आग्रहाखातर तिने संकोचत त्यांच्या खांद्यावर टेकवलेली दोन बोटे.

“ह्यातसून भावाक तेवढो निवडून काढ गो,” बाबा म्हणाले. “जित्या माणसाक हार घालूचो काय?”

रीत मला ठाऊक होती. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. संताप येतो तो याचा, की कुणकेश्वरात जिवंत बसलेल्या त्या बाईला एका शब्दाने विचारावे असे कोणाच्या मनातही आले नाही. बाबांच्या नाही आणि माझ्याही नाही. तांदूळ निवडताना खडा बाजूला काढतात. इथे दोन माणसांतला खडा कोण, हे आम्ही किती सहज ठरवून टाकले. आधी फोटोची नक्कल काढून घ्यावी, एवढेही मला सुचले नाही. सुचले नाही म्हणणे ही लबाडीच. मला हाताची करामत दाखवायची घाई होती.

खिडकीतून उतरलेल्या कोवळ्या उन्हात पाते काकांच्या कानामागून, टोपीच्या काठावरून असे फिरले की एक केस इकडचा तिकडे झाला नाही. बोटे कापली असती तर खांदा गेला असता, म्हणून ती तशीच ठेवून कोटाच्या रंगाने बुजवली. काकांना राखाडी पुठ्ठ्यावर डकवले आणि बोटांपाशी तुटलेली काकी केराच्या टोपलीत टाकली. “भाऊ होतो तसोच उतरलो,” बाबा म्हणाले, आणि मी चक्क सुखावले.

बाराव्याला काकीने फोटो हातात घेतला, काचेवरून बोट फिरवत खांद्यापाशी थांबवले.

“हंय माजी बोटां होती,” ती म्हणाली. मग तितक्याच शांतपणे माझ्याकडे पाहून, “आणि माका खंय टाकलंस गो?”



पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत समुद्राची खारी, दमट हवा काचेआड शिरली, रंगाचे पोपडे निघाले आणि कोटावर ती दोन बोटे पुन्हा उमटली. बाबांना ते अशुभ वाटले. परत रंगव म्हणाले. मी नाही म्हटले. त्यांचा शब्द मी पहिल्यांदाच मोडला होता. मला त्याचे काहीही वाटले नाही.

काकी रोज सकाळी अंगणातल्या अबोलीचा हार त्या फोटोला घालत असे. घालून झाला की तो किंचित बाजूला सरकवी, बोटे झाकली जाणार नाहीत इतकाच. तिने मला पुन्हा काही विचारले नाही. काकीच्या पश्चात फोटो आता माझ्याकडे आहे. माझी नजर दर वेळी त्या बोटांवरून पुढे मनगटाकडे जाते, आणि तिथे राखाडी पुठ्ठा असतो.