मायावतीची चुकीची वेळ

रिठद गावच्या दादांवर माझा संशय होता. आम्ही चार-पाच जण मायावती नावाचा तारा बघायचो. ही खरं तर दोन ताऱ्यांची जोडी. एक दुसऱ्याच्या आड आला की ग्रहण लागतं, तिचा उजेड काही तास उतरत जातो आणि पुन्हा चढतो. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत दर पंधरा मिनिटांनी तेज लिहायचं आणि तारा सर्वांत मंद कधी झाला ते काढायचं. सगळ्यांच्या नोंदी मी एकत्र करून जगभरच्या निरीक्षकांच्या ऑनलाइन साठ्यात टाकायचे.

दादा भाजीपाला करायचे. त्यांची नोंद कधी अर्धवट यायची नाही, आणि तेच मला खटकायचं. पहाटे मेथीच्या जुड्या घेऊन बाजार गाठणारा माणूस आकाशाकडे बघतो तरी कधी? एकदा माझ्याकडे वाशीमला ढग होते आणि जवळच्याच रिठदहून पूर्ण तक्ता आला. मी सरांना फोन केला. ते माझे शाळेतले शिक्षक. निवृत्तीनंतर हा गट त्यांनीच जमवला होता.

"ग्रहणाची वेळ तू आधी सांगतेसच," सर म्हणाले. "तिच्याभोवती आकडे रचणं काय अवघड आहे? लक्ष ठेव त्याच्यावर."

पुढच्या ग्रहणाला मी कुणालाही न सांगता गटावर खऱ्या वेळेपेक्षा दीड तास पुढची वेळ टाकली. सरांनाही बोलले नाही. दादांची नोंद खोटी असेल तर ती याच वेळेवर येणार होती.

दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला. "मॅडम, तुमची वेळ चुकली वाटते. तारा दीड घंटा आंधीच मंद झालता. म्या दोनदा पाह्यलं."

दुपारी सरांचा तक्ता आला. त्यात तारा मी रचलेल्या वेळेलाच सर्वांत मंद झाला होता.

मी त्यांच्या घरी गेले. दार उघडून, मी समोर उभी असताना, त्यांनी "कोण?" म्हणून विचारलं. मी दोन्ही तक्ते पुढे केले. त्यांनी कागद हातात घेतलाच नाही.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," ते म्हणाले. "वर्ष झालं, मायावती दिसत नाही मला."

"मग दादांवर लक्ष ठेव असं का म्हणालात?"

ते चाचपडत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तू माझ्याकडे बघू नयेस म्हणून."

त्यांच्या वर्षभराच्या नोंदी काढून टाका, असं मी साठा सांभाळणाऱ्यांना कळवलं. सरांनी अडवलं नाही. पुढे त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, पण गटात ते परतले नाहीत.

रिठदला जाऊन मी दादांना सगळं सांगितलं. ते वांगी तोडत होते. हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

"काहून संशय आला तुमाले?"

"तुमची नोंद कधी चुकत नव्हती."

"मंग मलेच इचाराचं होतं. घरी बलावलं असतं, संगं बसून पाह्यलं असतं." निघताना त्यांनी पिशवीभर वांगी दिली, आणि ती घेताना मला फार अवघड वाटलं.

दादा अजून नोंदी पाठवतात. पण ग्रहणाची वेळ आता ते स्वतः काढतात आणि मला विचारतात, "माही वेळ अशी येऊन राह्यली. तुमची?" मी सांगते. मग थोडा वेळ त्यांचं उत्तर येत नाही. माझी वेळ खरी का, ते पुन्हा मोजून बघत असणार.