न उतरणारी उंची

समस्त जोयडा तालुक्यास अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की इंजिनाविना आकाशात उडणारा, पुस्तकात बघून वाट शोधणारा आणि खालच्या प्रत्येक शेतकऱ्याचं भात कधी कापून होणार हे तोंडपाठ असणारा या भूतलावर एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा काका आहे!

पुस्तक म्हणजे त्यांच्या मुलीने वाचायला दिलेला ई-रीडर. काकांनी त्यात एकही पुस्तक घातलं नाही, वाट आणि उंची दाखवणारा ग्लायडरचा नकाशा घातला. "मोबाईल उन्हात आंधळा हुतोय. ह्ये बघा जावईबापू, भर दुपारी कागदावानी दिसतंय!" आणि तो ई-रीडर त्यांनी ग्लायडरमध्ये रबरबँडांनी बांधला, तोही नेमका उंची दाखवणाऱ्या जुन्या काट्यावर. काटा झाकला गेला. "त्याला पेन्शन दिली," म्हणाले. ग्लायडर उतरायला मोकळी जागा लागते, म्हणून सुगी संपली की काका स्कूटरवरून पार बाजारकुणंगपर्यंत हिंडायचे, कापलेली खाचरं पावलांनी मोजायचे आणि मालकाच्या नावासकट नकाशात घालायचे. कुणाकडे बारशाला गेले तरी पाळण्याआधी खाचर बघून यायचे.

त्या यादीतलं एक शेत मात्र सुपा धरणाच्या पाण्याखाली होतं. 'बाबांचं खाचर.' नकाशातलं तिथलं पाणीही काकांनी पुसून टाकलं होतं. "तिथं उतरायला मासे बाजूला होणार का, काका?" मी विचारलं. ते हसले नाहीत. "बापाची जागा हाय. यादीतनं कशी काढू?"

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी जीपला दोर बांधून त्यांना धरणावरच्या माळावरून उडवलं. ग्लायडरला आवाज नसतोच, पण त्या दिवशी जंगलालाही नव्हता. एक पान हलत नव्हतं. वॉकीटॉकी काकींच्या हातात होता.

"बाबांच्या खाचराकडं बाण दावतंय," काकांचा आवाज आला. "उंची चारशे दहा."

थोड्या वेळाने, "चारशे दहाच."

मग अगदी हळू, देवळात बोलावं तसं, "अगं, उतरंना मी. खालनं कोण तरी हात लावलाय."

आम्हाला तर ते पांढरे पंख खाली खाली जाताना दिसत होते, आणि आरशासारख्या पाण्यातून तसेच दुसरे पंख त्यांना भेटायला वर येत होते.

"आवं, खाली चाललाय तुम्ही! वळा!"

"गप गं. बाबा हायती."

"पाणी हाय ते! वळा! वळा म्हंते न्हवं!" काकी ओरडत राहिल्या, आवाज फुटून नुसता वारा येईपर्यंत. शेवटी पंख कलले. झाडांचे शेंडे घासत ग्लायडर कुणाच्या तरी कापलेल्या खाचरात बांध फोडून थांबला.

आम्ही जीपने पोचलो तेव्हा काका आत तसेच बसून होते. समोर बाण, बाबांचं खाचर, चारशे दहा. मी बटण दाबलं. काहीच हललं नाही. बॅटरी केव्हाच संपली होती. या ई-रीडरचं असंच असतं, जीव गेला तरी शेवटचं पान समोर तसंच राहतं.

काकांनी त्या पडद्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"म्हंजे... कोण धरलंच न्हवतं मला?"

काकींचा घसा पुरता बसला होता, तरी त्या खेकसल्याच, "कोण न्हवतं म्हंजे? मग मी काय करत हुते हितं?"