पाठमोरे मामा

कुरखेड्यात काय, वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे कुठेही हुडकून या, भारत-पाकिस्तान मॅचचं आमच्या मोठ्या मामांइतकं वेड असलेला माणूस सापडायचा नाही. आणि त्या मॅचचा एक चेंडूसुद्धा डोळ्यांनी न पाहिलेला माणूसही दुसरा सापडायचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल सांगते आहे, माझी काही गफलत झालेली नाही. हे मामा वनखात्यात बीट गार्ड. मॅचच्या दिवशी त्यांची काहीही करून सुटी असायची आणि सुटी असूनही अंगावर खाकी असायची. सकाळी आंघोळ, देवाला दिवा, मग अंगणातल्या अँटेनाच्या बांबूला पाया पडल्यासारखा हात लावायचा आणि घराकडे पाठ करून उभं राहायचं, ते मॅच संपेपर्यंत. मामी म्हणायच्या, "बाकी दिवस सरकारची नोकरी. खरी ड्यूटी आज!"

सुरुवात मात्र साधी होती. बांबू उंच, वाऱ्यानं हलायचा, आणि हलला की टीव्हीवर मुंग्याच मुंग्या. कुणीतरी धरून उभं राहणं भागच होतं. आत घुग्घुसहून सुटीत आलेल्या आम्ही दोघी बहिणी, मामांचा मुलगा म्हणजे आमचा दादा, आणि हात पुसत उंबऱ्याशी टेकणाऱ्या मामी. एकदा मामींनाच दया आली. "अवो, तुमी पाहा ना थोडी. बांबू मी धरते." मामांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला मात्र, लागोपाठच्या दोन चेंडूंवर आपले दोघं आऊट! मामींनी कपाळावर हात मारून घेतला. "पाय आहेत का पनवती!" मामा चटका बसल्यासारखे मागे फिरले, ते कायमचेच. वर त्याला त्यांनी जंगलातलं शास्त्र जोडलं. "वाघ पाहाले गेलं का वाघ दिसत नाई, पोरी. पाणवठ्याकडं पाठ करून बस, तो आपोआप येते. जितणं बी तसंच हाये." आम्ही फिदीफिदी हसायचो. पण सामना अडला की ताईच सगळ्यांच्या आधी खिडकीतून ओरडायची, "मामा, मागे पाहू नका हं!"

मग त्यांना मॅच कळायची कशी? तर जंगल कळायचं तशी. वानर कसं खाकरलं, चितळ किती वेळा ओरडलं, यावरून वाघ नाल्याच्या कोणत्या अंगाला आहे हे सांगणारा माणूस तो. आमची चार नरडी त्याला काय जड! ताईचं "अगंऽऽ बाई" म्हणजे आपला आऊट. दादानं पाटावर बुक्की हाणली की त्यांचा. मी एकटी किंचाळले तर चौका, कारण खऱ्या सिक्सरला बाकीचेही सामील व्हायचे, चौक्याला इतकं किंचाळण्याचा आगाऊपणा फक्त माझा. मामा उभ्या उभ्या रस्त्यानं जाणाऱ्याला स्कोअर सांगायचे आणि तो बहुतेक बरोबर निघायचा. एकदा मात्र अख्खं घर चूप झालं. विजेची लाइन गेली होती, दुसरं काही नाही. पण मामांनी बांबू असा आवळून धरला, की लाइन येईस्तोवर तळहातावर वळ उठले. "जंगल चूप झालं का समजाचं, जनावर जवळ हाये," ते नंतर म्हणाले. मामींनी त्या हातांना खोबरेल लावलं आणि लावता लावता यथेच्छ बोलूनही घेतलं.

आणि जिंकलो की थाळी! मामी पितळी थाळी उचलून डावानं अशी बडवायच्या की शेजारच्या कोंबड्या सैरावैरा पळत. थाळी वाजल्याशिवाय मामा बांबू सोडायचे नाहीत. आम्ही घसा फाडून "जिंकलो, जिंकलो" ओरडलो तरी नाही. "पोट्टे घाई करतेत. थाळी कुठी वाजली अजून?" थाळी वाजली की मात्र हा रांगडा गडी वळायचा, दुपट्ट्यानं तोंड पुसायचा, आत येऊन मांडी ठोकायचा आणि म्हणायचा, "हां, सांगा आता. पयल्या बॉलपासून." मग मी सांगायची. माझी मॅच खरीपेक्षा नेहमीच भारी असे. तोंड उघडं ठेवून ऐकणारा तो चेहरा आठवला की आजही जीव कसा कासावीस होतो. तेव्हापासून माझं इतकं मन लावून कुणी ऐकलेलं नाही, वर्गातल्या पोरांनी तर नाहीच.

मामींना जाऊन आता काही वर्षं झाली. बांबू गेला, छपरावर तबकडी आली. मामा रिटायर झाले, गुडघे दुखतात, म्हणून बांबूच्या जागी खुर्ची आली; तोंड मात्र अजून रस्त्याकडेच. यंदाची मॅच सुटीच्या दिवशी होती, दुपारची. ते जुनं घर पुन्हा एकदा कानांनी ऐकावं म्हणून मी मुद्दाम चंद्रपूरहून गेले. पाहते तर टीव्हीचा रिचार्ज संपलेला, आणि कुणाचं त्यावाचून अडलेलंही नाही. दादा, त्याची दोन्ही पोरं, प्रत्येकाच्या हातात आपापला फोन आणि कानात बोंडं. कुणाची मॅच दोन चेंडू पुढे, कुणाची दोन मागे. तेव्हा ओरडून दुसऱ्याची मजा घालवायची नाही, असा पोरांचा नियम. आता मी काय करावं? जन्मभर पोरांना "चूप बसा" म्हणण्याचा पगार खाल्लेली मी मास्तरीण, मीही कानात बोंडं घातली आणि चूप बसले. दिवेलागणीच्या आधीच आपण जिंकलो. पोरांनी एकमेकांना हळूच टाळी दिली. दादा उठून हातपाय धुवायला गेला. मी ताईला फोनवर नाचणारी बाहुली पाठवली, तिनं उलट दोन पाठवल्या, असं करता करता अर्धा तास सहज गेला.

मग चहा घेऊन अंगणात गेले. मामा खुर्चीत पुढे झुकून बसलेले, दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर आवळलेल्या.

"हळू बोल," ते कुजबुजले. "कवाचं चूप हाये सारं. जनावर जवळ हाये. किती बॉल राह्यले?"

"मामा, जिंकलो आपण. अर्धा तास झाला."

ते वळले नाहीत. रस्त्याकडे पाहतच म्हणाले, "मंग वरडल्या काऊन नाई?"

लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखी. चहा ओट्यावर ठेवला आणि पन्नाशीच्या घशातून निघेल तेवढ्या जोरानं किंचाळले, "जिंकलोऽऽ!" समोरचं कुत्रं भुंकायला लागलं. मामांनी मान तिरपी करून ऐकलं.

"हा चौका झाला," ते शांतपणे म्हणाले. "तू एकटी वरडली का चौका असते. थाळी कुठी वाजली?"

मी आत गेले. थाळी फडताळात वरच्या फळीवर होती, मिक्सरच्या खोक्यामागे, काळी पडलेली. पदरानं पुसली, डाव घेतला आणि बडवायला सुरुवात केली. पोरं कानातली बोंडं काढून धावत आली. "आत्या, झालं काय?"

"जिंकलो!"

"ते तं केव्हाच जितलो."

"वरडा म्हणते ना, मेल्यांनो!"

पोरं आधी लाजली, मग धाकट्यानं अशी आरोळी ठोकली की मोठ्यालाही राहवेना. दादा ओल्या हातानं आला, थाळीकडे पाहत क्षणभर थबकला, आणि पाट नव्हता म्हणून त्यानं टेबलावर बुक्की हाणली.

बाहेर खुर्ची करकरली. मामा वळले, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ पुसलं. भिंतीला धरत आत आले आणि माझ्यासमोर बसले.

"हां, सांग आता," ते म्हणाले. "पयल्या बॉलपासून."

मी थाळी मांडीवर घेतली आणि खरीपेक्षा जराशी भारी मॅच सांगायला लागले.